दूध-पावाचा वाडगा

"फेरेट गुबगुबीत दिसायला लागले ना, की माणसाचं मनगट बघावं," एनिड लॅव्हरिक म्हणाली आणि कोंबडीच्या पंखांची पिशवी तिने काउंटरवरून पुढे सरकवली.

ब्रायनीचं अर्धंच लक्ष होतं. बाबागाडीतल्या थियाने एक मोजा काढून कुठेतरी भिरकावला होता, तो ती वाकून शोधत होती. एनिडच्या दुकानात गिऱ्हाइकाला मटणाबरोबर एखादी म्हण फुकट मिळायचीच. तिचा नवरा खाणीत होता, सासरा खाणीत होता, आणि दोघांनीही जन्मभर फेरेट पाळलेले. मुंगसासारख्या त्या लांबुळक्या, वळवळ्या जनावरांवर बोलायला लागली की रांग दाराबाहेर गेली तरी तिला फिकीर नसे. ही म्हण तिच्या सासूची होती. ज्याच्या फेरेटच्या अंगावर तुकतुकी, त्याच्या स्वयंपाकघरात एकदा डोकावून यावं, असं सासू म्हणायची म्हणे.

"हेडलीकडे बघतेस ना तू?" एनिडने विचारलं.

"बघते की. रोज बघते," ब्रायनी म्हणाली. तेवढ्यात मोजा सापडला आणि ती हसत बाहेर पडली.

खोटं नव्हतं ते. ती रोज बघत होती. फेरेटांकडे बघत होती.

बघत राहणं हा तिचा स्वभावच. कॉलेजात भूगोल शिकली, मग नगरपालिकेच्या नियोजन खात्यात नकाशे तपासायची नोकरी लागली, आणि थिया झाल्यावर तीच नजर बाळाकडे वळली. थियाने सकाळी किती चमचे लापशी खाल्ली, दुपारी किती गाजर थुंकलं, सगळं फोनमध्ये लिहिलेलं असे. नवरा, कॉरी, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होता. दोन आठवडे बोटीवर, दोन आठवडे घरी. घरी असला की म्हणायचा, "अगं, जरा तिच्याकडे बघायचं थांबव, तिलाही अवघडल्यासारखं होत असेल." ब्रायनी थांबत नसे. मूल एकटीने सांभाळायचं तर डोळ्यांत तेल घालूनच, असं तिचं मत होतं.

तिसऱ्या गल्लीतलं हे घर त्यांनी एप्रिलात घेतलं, थिया पाच महिन्यांची असताना. खाण बंद होऊन तीस वर्षं झाली तरी इथल्या गल्ल्यांना अजून नावं नाहीत, नुसते आकडे. घरं एकमेकांना खेटून. पलीकडे कुणी कपात चमचा ढवळला तरी अलीकडे ऐकू यावा. पलीकडे हेडली रॅमशॉ राहत होते. वय त्र्याहत्तर, बायको अ‍ॅव्हरिल सहा वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही.

पहिल्याच आठवड्यात अंगणाच्या भिंतीवरून ब्रायनीने पाहिलं, की म्हाताऱ्याच्या शर्टाच्या गळ्यातून एक पांढरं तोंड बाहेर आलं आणि त्याने थेट तिच्या कडेवरच्या थियाकडे बघितलं. त्याच दुपारी तिने फेरेट आणि तान्ही बाळं यांच्याविषयी जे मिळेल ते वाचून काढलं आणि ती घाबरली. नगरपालिकेला द्यायचा तक्रारअर्जही तिने लिहून ठेवला. पण शेजारचा माणूस आहे, आधी तोंडावर सांगावं, म्हणून ती पलीकडे गेली.

हेडलींनी टोपी काढून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भुकेलं जनावर चावतं, पोरी. माझी कधी भुकेली नसतात."

आणि ते पटवून द्यायला त्यांनी तिला अंगणातल्या खोपटात नेलं. तिथे तिघं होती. बॉबिन म्हणजे म्हातारा, पांढरा, मघाशी शर्टातून डोकावलेला. डचेस, काळ्या डोळ्यांची, मानी. आणि तिची लेक नेटल, जिला एका जागी उभं राहणं माहीतच नव्हतं. खोपट ब्रायनीच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं. भुसा ताजा, पाणी ताजं, आणि वाटीत दोनच घास.

एवढंसंच का, असं तिने विचारलं. तिथून जे सुरू झालं ते तासभर चाललं, आणि थिया तिच्या खांद्यावर झोपून गेली तरी ब्रायनी हलली नाही. फेरेटची आतडी आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर, म्हणून त्याला द्यायचं ते थोडं थोडं आणि वेळेवर. ढीग कधी घालायचा नाही. ढीग घातला की ते कोपऱ्यात नेऊन लपवतं आणि तिथे ते कुजतं. कच्चं हाड चालतं, शिजवलेलं नाही, ते आतून टोचतं. कुत्र्याचं खाणं स्वस्त असतं, पण त्यात धान्याचीच भर. अंड्यातून निघालेली एका दिवसाची नर पिल्लं उबवणुकीच्या केंद्रावर गोठवून मिळतात, मोठी पिशवी घेतली तर पाच जणांत वाटून परवडते. पण नुसत्या पिल्लांवर ठेवलं तर पाय कमजोर होतात, म्हणून मधून पंख, मधून कलेजी-पेटा, रविवारी एक अंडं. आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे अख्खा ससा, केसांसकट. तोही फुकट, मारता आला तर. पूर्वी हेडली आणि फेरेट मिळून आठवड्याला चार आणत. आता टेकडीवरचे निम्मे ससे रोगाने संपले होते, उरलेल्यांपर्यंत पोचायला हेडलींचे गुडघे तयार नव्हते.

"त्यांना स्वस्तात खायला घालता येतं," ते म्हणाले. "हलकं घालता येत नाही."

त्यांचे वडील पावाचे तुकडे दुधात कुस्करून फेरेटला घालायचे. त्या काळी गावभर हेच चालायचं. दूध-पाव स्वस्त, आणि जनावर मिटक्या मारत खायचं. मग त्याला हगवण लागायची, केस राठ व्हायचे, दोन वर्षांत मरायचं. लहानपणी हेडलींनी बागेच्या कडेला असे सात फेरेट पुरले होते. प्रत्येकाचं पोट भरलेलं होतं, ते म्हणाले. पोट भरलेलं, आणि उपासमारीने मेलेलं.

तक्रारअर्ज ब्रायनीने त्या दिवशी पुसून टाकला. भीती मात्र पुसली नाही. ती वेगळ्या वाटेने कामाला लागली. फेरेट उपाशी नसले तर चावत नाहीत ना? मग ते उपाशी राहणार नाहीत हे आपणच बघू. तिने आठवड्याचा तक्ता केला. सोमवारी पिल्लं, मंगळवारी कलेजी-पेटा, बुधवारी पंख, असा, सकाळ-दुपार-संध्याकाळच्या चौकोनांसकट. हेडलींनी तो वाचायला चष्मा लावला, दोन ठिकाणी चुका काढल्या, आणि मग चार पिना मारून खोपटाच्या दाराला लावला. दर वेळेला खायला घातलं की ते पेन्सिलीने खूण करत. एक खूण चुकली नाही.

या गल्लीची एक रीत ब्रायनीला हळूहळू कळली. इथे माणसाला कुणी काही देत नाही. कबुतरवाल्याला कबुतरांसाठी वाटाणे देतात, कुत्रेवाल्याला कुत्र्यासाठी हाडं. माणूस मान हलवून घेतो, आभार मानत नाही, कारण त्याला दिलेलंच नसतं. पंखांची पिशवी घेऊन गेली की ती भिंतीवरूनच सांगे, "बॉबिनसाठी आणलंय." हेडली म्हणत, "बॉबिनला सांगतो." झालं.

एकदाच तिने रीत मोडली. सप्टेंबरात कॉरी घरी होता, रविवारची भाजलेली कोंबडी उरली, तर अर्धी तिने ताटलीत घालून नेली आणि म्हणाली, ही तुमच्यासाठी. हेडलींनी ताटली दोन्ही हातांनी घेतली. सोमवारी ती धुऊन, पुसून परत आली. कशी होती, तिने विचारलं.

"डचेसला मांडी आवडली. हाडं काढून दिली," ते म्हणाले. "बॉबिनचं म्हणणं, मीठ जरा जास्त होतं."

ब्रायनी इतकी हसली, की थियाही हसायला लागली. कॉरीला तिने तो किस्सा दोनदा सांगितला.

त्याच सुमाराला त्यांनी तिला संपाच्या वर्षाची गोष्ट सांगितली. वर्षभर खाणी बंद, घरात पगार नाही, सभागृहात सार्वजनिक स्वयंपाक चाललेला. हेडली तेव्हा चौतिशीचे. त्यांच्याकडे क्वीनी नावाची मादी होती, नेटलच्या कितव्या तरी पणजीची पणजी. क्वीनी बिळात शिरायची आणि ससे बाहेर जाळ्यात यायचे. त्या हिवाळ्यात तिने तिसऱ्या गल्लीतल्या अकरा घरांना जगवलं. अ‍ॅव्हरिल सशाचं मांस भरलेला परातीएवढा जाड रोट भाजायची आणि पोरं दारात ताटल्या घेऊन उभी राहायची.

"आणि क्वीनीला काय मिळायचं माहितीये?" हेडली म्हणाले. "डोकी नि आतडी. मांस आम्ही खायचो." त्यांनी नेटलला खांद्यावरून खाली घेतलं. "तिने कधी तोंड वाकडं केलं नाही."

नोव्हेंबरात डचेसच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, बिल हेडलींनी भरलं, ती वाचली. मग थंडी आली, आणि गॅस नि कोळसा असे महागले, की गल्लीत लोक घरातही कोट घालून बसायला लागले. हेडलींच्या धुराड्यातून धूर दिसेना. ब्रायनीने विचारलं तर म्हणाले, खाणीत जन्म गेला, मला थंडी लागत नाही.

ती सगळं बघत होती. एक दिवस ते अंगणात बसून खिळ्याने पट्ट्याला नवं भोक पाडत होते. ती भिंतीवरून म्हणाली, खिळा इथेच कुठे टाकू नका हं, थिया आता रांगते. दुसऱ्या एके दिवशी त्यांनी नेटलला उतरवायला हात वर केला, तेव्हा अ‍ॅव्हरिलने दिलेलं जाड घड्याळ मनगटावरून घसरत थेट कोपरापर्यंत गेलं. ब्रायनीच्या मनात आलं, हे सुटून पोरीच्या डोक्यावर पडायचं. तिने थियाला दोन पावलं मागे घेतलं.

एनिडची म्हण तिला त्या क्षणी आठवली का? आठवली असावी. पण फेरेट चावणार नाहीत याची खात्री करता करता तिची सगळी काळजी तिथेच संपत होती, आणि म्हणी काय, दुकानात शंभर ऐकू येतात.

जानेवारीत पहिल्यांदाच ती त्यांच्या स्वयंपाकघरात गेली. एरवी सगळं भिंतीवरूनच व्हायचं. त्या दिवशी बर्फ पडत होतं आणि पिशवी फाटली होती. मागचं दार उघडंच असे. आत बाहेरच्याइतकीच थंडी. टेबलावर निळ्या काठाचा वाडगा होता, आणि त्यात दुधात कुस्करलेला पाव.

ब्रायनीला धक्काच बसला. बर्फातून चालत एवढी काळजी घ्यायची आणि हे काय चाललंय? तिचा आवाज चढला.

"हेडली, हे काय? तुम्हीच म्हणालात ना, दूध-पावाने मरतात म्हणून? तुम्हीच सांगायचं आणि तुम्हीच—"

ते खोपटातून हात पुसत येत होते. वाडग्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. कान जरा लाल झाले.

"ते त्यांचं नाही, पोरी," ते म्हणाले.

"नक्की?"

"बॉबिनची शपथ."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने हुश्श केलं, उगाच ओरडले म्हणून माफी मागितली, पिशवी टेबलावर ठेवली, आणि बाबागाडी बर्फात फार वेळ उभी आहे म्हणून घाईघाईने परत गेली. वाडगा फेरेटांचा नाही, म्हणजे मग कोणाचा, हा पुढचा प्रश्न दाराच्या आतच राहिला.

फेब्रुवारीत थियाला खोकला झाला. भुंकल्यासारखा, छाती ओढणारा. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, घरातच ठेवा. कॉरी बोटीवर. ब्रायनी पाच दिवस दाराबाहेर पडली नाही. वाफ, औषध, तापाचे आकडे, चमचे. या पाच दिवसांत भिंतीपलीकडून काय ऐकू आलं, हे तिने नंतर पुष्कळ आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही. सकाळची किटलीची शिट्टी कधी थांबली, तेही नाही.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, थिया हसली आणि अर्धं केळं खाल्लं. ब्रायनीला एकदम फेरेट आठवले. पाच दिवसांत आपण काही दिलं नाही. थियाला गुंडाळून ती मागच्या गल्लीने गेली, आधी खोपटात डोकावली, आणि तिला हायसं वाटलं. पाणी काठोकाठ भरलेलं. वाटीत, वाटीबाहेर, फळीवर खाणंच खाणं. सहा पंख, मूठभर पेटा, बर्फ न सुटलेली पिल्लं, आणि मधोमध एक अख्खा ससा, कुणी कुठून आणून दिला कोण जाणे. तिघंही गोल होऊन झोपलेली, पोटं टम्म. आज चैन आहे बाबा, ती थियाला म्हणाली. दाराला लावलेल्या तक्त्यावर नजर टाकली, खुणा होत्या. गुरुवारच्या होत्या, शुक्रवारच्या होत्या, शनिवारच्याही होत्या.

तिने वाचलं आणि तिला ते दिसलं नाही. नकाशे तपासणाऱ्या बाईला.

फेरेट पोटभर खाऊन झोपलेत, म्हणजे हेडली ठीक आहेत. पोरीला थंडीत उभं करायला नको. तिने पिशवी स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला अडकवली आणि घरी आली.

शुक्रवारी सकाळी थियाला लापशी भरवताना ती फोनवर लिहीत होती. तीन चमचे. थियाला अजून हवं होतं, ती वाटीकडे झेपावत होती. ब्रायनी म्हणाली, "थोडं थोडं, बाळा, ढीग नको." आणि चमचा हवेतच राहिला.

हेडली ढीग घालत नाहीत.

ज्या माणसाने जन्मात कधी ढीग घातला नाही, त्याने तीन दिवसांचं एकदम घातलं होतं, आणि तीन दिवसांच्या खुणा आधीच करून ठेवल्या होत्या. कारण आपल्याला पुन्हा खोपटापर्यंत येता येणार नाही, हे त्याला कळलं होतं.

पिशवी कडीला तशीच होती. थियाला कडेवर घेऊनच ती आत शिरली. हेडली टेबलाच्या पायाशी एका कुशीवर पडलेले होते, कोट अंगात, टोपी बाजूला. डोळे उघडे होते. ती खाली बसली, हात धरला. हात गार होता, पण बोटं हलली. फोनवर पत्ता सांगताना तिची नजर टेबलावर गेली. निळ्या काठाचा वाडगा. दूध आटून पाव कडेला चिकटला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत तिने आपला कोट त्यांच्यावर घातला, आणि गरम चहा करायला म्हणून कपाट उघडलं. चहा नव्हता. अर्धी पावाची लादी होती, आणि मीठ. फ्रीजमध्ये मात्र जागा नव्हती. एकेक पिशवी, प्रत्येकीवर पेन्सिलीने वार लिहिलेला, तिच्या तक्त्याबरहुकूम. आणलेलं सगळं होतं तिथे. सगळं, जिथे जायला हवं तिथेच जात होतं.

हॉस्पिटलात नर्सने नावाची पट्टी त्यांच्या मनगटावर बांधली. शेवटच्या भोकात अडकवली तरी ती सैल राहिली. नर्सने ती काढून दोन वेढे दिले. ब्रायनी बघत उभी राहिली. मनगट बघावं, एनिड म्हणाली होती. चार महिन्यांपूर्वी, एवढ्या साध्या शब्दांत.

डॉक्टरांनी विचारलं, हे काय खात होते. ब्रायनी म्हणाली, दूध-पाव. किती दिवसांपासून? ते तिला सांगता आलं नाही. थियाने नऊ महिन्यांत काय काय खाल्लं ते ती तारखेनिशी सांगू शकली असती.

पाच दिवसांनी ते जरा सावरले. उशांना टेकून बसले, छातीत घरघर होती, पण बोलले. आधी तिघांची चौकशी केली. मग थियाच्या खोकल्याची. ब्रायनीने पुष्कळ काही ठरवून आणलं होतं, त्यातलं एकच तोंडातून निघालं.

"मला सांगायचं होतंत, हेडली. मी आणत होते ना रोज."

"ते त्यांच्यासाठी होतं."

"तुम्ही घेतलं असतंत, तर तुमच्यासाठीही आणलं असतं."

"त्यांच्यासाठी होतं, म्हणून तर घेतलं." त्यांनी दम खाल्ला. रागावले नव्हते, लहान मुलाला समजावावं तसं सांगत होते. "त्या वर्षी मांस आम्ही खाल्लं, पोरी. आता पाळी त्यांची."

तिला रडू आवरेना. ते छताकडे बघत राहिले, तिला संकोच वाटू नये म्हणून. मग म्हणाले, "आज वार कोणता?"

"बुधवार."

"मग पंख," ते म्हणाले. "कच्चेच."

पुढच्या सोमवारी ते गेले. छातीत पाणी झालं, असं कागदावर लिहिलं होतं. कागदावर बाकीचं लिहायला जागा नसते.

अंत्ययात्रेला गल्लीतली बहुतेक घरं आली. अकरा घरांपैकी ज्यांच्यात अजून कुणी उरलं होतं, ती सगळी. एका म्हातारीने ब्रायनीला सांगितलं, की तो अख्खा ससा तिच्या पुतण्याने आणून दिला होता, हेडलीसाठी. पण तसं म्हणता येईना, म्हणून फेरेटसाठी म्हणाला. मग म्हातारीने पर्स उघडून रुमाल शोधायला सुरुवात केली, आणि तो सापडेना.

बॉबिन आता ब्रायनीच्या अंगणात आहे. म्हातारा झाला, नवं घर त्याला मानवलं नसतं. कॉरीने खोपट एकेक फळी सोडवून भिंतीच्या अलीकडे आणलं. थिया तारेपाशी उभी राहते, आणि बॉबिन तिच्या बोटांचा वास घेऊन परत जाऊन झोपतो. चावलेला नाही. उपाशी नसतो.

डचेस आणि नेटलसाठी घर शोधायचं होतं. एनिडच्या दुकानाच्या काचेवर लोक चिठ्ठ्या लावतात. जुनी बाबागाडी, कबुतरांच्या जोड्या, शिवणाचं मशीन. मार्चच्या एका दुपारी ब्रायनीने काउंटरवर उभं राहूनच कार्ड लिहिलं. दोन फेरेट, माद्या, आई आणि लेक, माणसाळलेल्या. चांगल्या घरी द्यायच्या आहेत. थोडं थोडं द्या, वेळेवर द्या. शिजवलेलं हाड नको. दूध-पाव कधीच नको. तक्ता सोबत मिळेल.

एनिडने चष्म्यातून वाचलं. "ही म्हण तुला सांगितली तेव्हा मीच जायला हवं होतं," ती म्हणाली. "मी पण पिशवीच दिली." मग तिने कार्ड परत सरकवलं. "खाली जागा आहे अजून."

ब्रायनीने पेन घेतलं. थिया बाबागाडीत मोजा ओढत होती. या वेळी तिने तो ओढू दिला. उरलेल्या जागेत अक्षर बारीक करत तिने लिहिलं, आणि एनिडने ते कार्ड काचेला आतून चिकटवलं, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असं:

फेरेट नको असतील, तरी एवढं वाचून जा. तुमच्या भिंतीपलीकडे कुणी एकटं राहत असेल, तर आज जाऊन या. पिशवी कडीला अडकवून परत फिरू नका, आत जा. टेबलावर वाडगा दिसला, तर तो कोणाचा ते विचारा. आणि उत्तर मिळालं, तरी लगेच उठू नका.